एकाहत्तराव्या दिवशी बाई निराधार उरत नाही

१,७५० रुपये. हा आकडा लक्षात ठेवा. आजची पोस्ट लांब आहे, पण सगळी या एका आकड्याभोवती फिरते.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत बसायचं असेल तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. २१ हजाराला बाराने भागा. महिन्याला १,७५० रुपये येतात. नवरा वारलेली किंवा नवऱ्याने टाकलेली, पदरात दोन लेकरं असलेली बाई महिन्याला याहून जास्त कमावत असेल, तर सरकारच्या हिशेबाने ती निराधार नाही.

आता अशा बाईचा दिवस डोळ्यासमोर आणा. नवरा जाऊन तीनचार महिने झालेत. धाकटं पोर अंगणवाडीत, थोरलं तिसरीत. सकाळी त्यांचं आवरायचं, शाळेत सोडायचं आणि शाळा सुटायच्या आत घरी यायचं. मधले चारपाच तास तिचे. त्यात दोन घरची धुणीभांडी होतात, शाळेत खिचडी शिजवता येते, कोणाच्या तरी शिलाई मशीनवर बसता येतं. पूर्णवेळ काम नको असतं असं नाही, पण पोरं कोणाजवळ ठेवायची? म्हणून अर्धवेळ. अर्धवेळ कामात घर चालत नाही, म्हणून वर थोडी सरकारी मदत. एवढं साधं गणित आहे. आणि नेमकं हेच गणित आपल्या नियमांना शंभर-दीडशे वर्षांत नीट मांडता आलेलं नाही. आपली व्यवस्था या बाईला कायम एकच प्रश्न विचारत आली: तू लाचार आहेस की कमावती? ती दोन्ही असू शकते, हे मोजक्याच वेळी मान्य झालं. त्या मोजक्या वेळा कोणत्या, ते आज बघू.

सुरुवात १८५६ पासून करू. त्या वर्षीच्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याचं कौतुक आपण शाळेत वाचलंय, आणि ते रास्तच आहे. पण त्याच्या दुसऱ्या कलमाची चर्चा कमी होते. विधवेने पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतला तिचा हक्क संपणार, असं त्यात होतं. आधार हवा असेल तर आहे तिथेच राहा, पुढे पाऊल टाकलंस की आधार जाईल. ही अट पुढे वेगवेगळ्या रूपांत येत राहिली.

आपल्या सुधारकांनी मात्र वेगळा रस्ता धरला. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, १८९६ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, आणि १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्याचं सेवासदन उभं राहिलं. या सगळ्यांत फरक पुष्कळ होते, वादही झाले. पण शारदा सदनापासून सेवासदनापर्यंत एक धागा दिसतो. छप्पर आणि शिक्षण एकाच ठिकाणी. नर्सिंग शिका, शिक्षिका व्हा, आणि शिकत असेपर्यंत जेवण-निवारा आमच्याकडे. 'कमवायला लागलीस, आता चालती हो' अशी ही मांडणी नव्हती. आधाराच्या जोरावरच बाई कमावती होते, हे त्यांना कळलं होतं. अडचण एवढीच की या संस्था होत्या, राज्याचं धोरण नव्हतं. जागा थोड्या, बायका हजारो.

राज्याकडे टाकलेल्या बाईसाठी काय होतं? पोटगी. फौजदारी कायद्यातल्या पोटगीला रकमेची मर्यादा होती. १९५५ मध्ये ती महिन्याला ५०० रुपये केली. त्या काळी ही रक्कम बरी होती. मग १९७३ साली नवा फौजदारी प्रक्रिया कायदा आला, प्रसिद्ध १२५ कलम आलं, घटस्फोटितेलाही त्यात घेतलं, पण केंद्रीय कायद्यातली मर्यादा ५०० च राहिली. ती काढायला २००१ साल उजाडलं. ४६ वर्षं! गहू, ज्वारी, एसटीचं तिकीट, शाळेची फी, सगळं किती पटींनी वाढलं, आणि कायद्याच्या पुस्तकातले ५०० जिथल्या तिथे. एकदा लिहिलेला आकडा हलवायचा कोणी विसरतं, आणि त्याची किंमत बाई भरते. हा मुद्दा पुढे परत येईल.

१९७३ च्या कायद्यात अजून एक शब्दप्रयोग आला: 'स्वतःचा निर्वाह करू न शकणारी' पत्नी. नवऱ्यांच्या वकिलांना आयतं हत्यार मिळालं. ती शिवणकाम करते साहेब, ती शेतावर जाते साहेब, मग पोटगी कशाला? यावर सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली चतुर्भुज विरुद्ध सीताबाई या खटल्यात स्पष्ट केलं की बाई पोटापुरतं काहीतरी कमावते एवढ्याने तिचा हक्क बुडत नाही. पूर्ण कंगाल झाल्यावरच तिने दाराशी यावं, असा कायद्याचा अर्थ होत नाही. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालातही हेच धोरण पक्कं झालं. म्हणजे न्यायालयाने मान्य केलं की थोडी कमाई आणि थोडा आधार, दोन्ही एकत्र चालतं.

न्यायालयाच्या कितीतरी आधी हे मान्य केलं होतं आपल्या सांगली जिल्ह्यातल्या एका माणसाने. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे. १९६५ च्या सुमारास त्यांनी आपल्याच भागात काम मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग करून बघितला. १९७२ च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर गेली, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पगारदारांच्या पगारातून आजही जो व्यवसाय कर कापला जातो, तो याच हमीसाठी १९७५ मध्ये सुरू झाला होता.

रोजगार हमीचं मोठेपण बहुतेक लोक रस्ते आणि पाझर तलावांत मोजतात. मला ते दुसरीकडे दिसतं. या योजनेने उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. उन्हात खडी फोडायला जी बाई येते तिला गरज आहे, हे तिच्या येण्यावरूनच कळतं. वेगळा पुरावा कशाला? बाईला आणि पुरुषाला एकच दर. कामावर सावली, पाणी आणि लहान पोरं सांभाळायची सोय नियमातच. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यातही राहिलं की सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त पोरं कामावर असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. ही सोय किती ठिकाणी प्रत्यक्षात झाली हा वेगळा विषय. पण विचार बघा ना! आई एकटी आहे आणि पोर तिच्याबरोबरच येणार, हे गृहीत धरून कायदा लिहिला गेला.

शहरात सरकारने असं काही केलं नाही, तिथे बायकांनीच केलं. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याची लिज्जत झाली. पीठ घरी न्यायचं, पोरांकडे बघत लाटायचं, पापड परत आणून द्यायचे आणि किलोप्रमाणे पैसे घ्यायचे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. अर्धवेळ काम म्हणजे हौसेचं काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी गिरणगावाचा इतिहास वाचावा.

मग आलं १९८०. अंतुले मुख्यमंत्री असताना संजय गांधी निराधार योजना सुरू झाली. ज्यांना कष्टाचं काम जमत नाही किंवा ज्यांच्यामागे कोणी नाही, अशांना दरमहा रोख मदत. वृद्ध, अपंग, दुर्धर आजारी, विधवा, परित्यक्ता. चांगलीच गोष्ट झाली, यात वाद नाही. रोजगार हमीने हाताला काम दिलं, निराधारने घरात थोडी रोकड दिली. दोन्ही मिळून एकट्या आईचं गणित सुटायला हवं होतं.

पण दोन योजना दोन वेगळ्या डोक्यांनी लिहिल्या गेल्या. रोजगार हमी म्हणते, काम कर. निराधार म्हणते, काम करत असशील तर तू आमची नाहीस. योजनेच्या नावातच सगळं आलं. बाईने आधी स्वतःला निराधार म्हणवून घ्यायचं, त्याचा कागद आणायचा, आणि दरवर्षी हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला देऊन ते सिद्ध करत राहायचं. घटस्फोटितेला पोटगी मिळत असेल तर ती रक्कमही योजनेच्या मर्यादेच्या आत हवी.

या शब्दांविरुद्ध लढणाऱ्या बायकाही इथल्याच. १९८० च्या दशकात आपल्या भागात इंदुताई पाटणकरांच्या स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांचा प्रश्न गावोगावी नेला, तिकडे संगमनेरला निशा शिवूरकरांनी तो धरून ठेवला. मागणी भिकेची नव्हती. माझ्या नावावर रेशनकार्ड द्या, मला स्वतंत्र कुटुंब म्हणून मोजा, असं त्या म्हणत होत्या. आज 'एकल महिला' हा शब्द सरकारी कागदावर आलाय, कोरोनानंतर तर जास्तच. त्याच्या मागे ही तीनचार दशकांची वाट आहे.

शब्द बदलला, आकडे किती बदलले ते बघू. केंद्राची विधवा पेन्शन २००९ मध्ये आली, २०० रुपये. पुढे ३०० झाली. त्यातही वय किमान ४० आणि दारिद्र्यरेषेचं कार्ड हवं. पंचविशीत नवरा गेलेली बाई त्यात बसतच नाही, जिची पोरं सगळ्यांत लहान असतात! राज्याच्या निराधारची रक्कम २०१९ मध्ये ६०० वरून १,००० झाली, एक मूल असलेल्या विधवेला १,१०० आणि दोन असतील तर १,२००. २०२३ मध्ये सरसकट १,५००. रक्कम वाढली याचं स्वागतच. पण उत्पन्नाची अट? २०१९ मध्ये २१ हजार, २०२३ मध्येही २१ हजार. पोटगीच्या ५०० ची आठवण आली ना?

आता खरं गणित.

२०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. केंद्राच्या कायद्याने तेव्हा हमी १०० दिवसांची होती. एकट्या बाईने हमीचे सगळे १०० दिवस भरले तर वर्षाला २९,७०० रुपये होतात. ७० व्या दिवसापर्यंत ती २१ हजारांच्या आत असते. ७१ व्या दिवशी २१,०८७ होतात आणि ती योजनेच्या बाहेर जाते. एका सरकारी कायद्याने दिलेले हक्काचे दिवस पूर्ण केले, तर दुसऱ्या सरकारी योजनेचा हक्क जातो. हा योगायोगही नाही आणि कोणाचा कटही नाही. २१ हजाराच्या आकड्याकडे कोणी परत वळून बघितलंच नाही, एवढंच.

दुसरं उदाहरण शाळेतल्या खिचडीचं. पोषण आहार शिजवणाऱ्या बाईला महिन्याला १,५०० रुपये मानधन होतं. शाळेचे दहा महिने धरले तर १५ हजार. अटीच्या आत. २०२३ मध्ये मानधन २,५०० झालं, दहा महिन्यांचे २५ हजार. अटीच्या बाहेर. सरकारनेच एका हाताने वर्षाला १० हजार वाढवले, आणि नियम काटेकोर लावला तर दुसऱ्या हाताने निराधारचे १८ हजार काढून घेतले. पगारवाढ झाली आणि घरात ८ हजार कमी आले!

प्रत्यक्षात असं होतं का? बहुतेक वेळा होत नाही, आणि का होत नाही ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दाखल्यावर २१ हजारांच्या आतलाच आकडा येतो. बाई काम करते हे तलाठ्याला माहीत असतं, सेतूवाल्याला माहीत असतं, समितीलाही माहीत असतं. सगळे डोळे मिटून घेतात, माणुसकीनेच म्हणा. पण त्याचा परिणाम बघा. तिचा हक्क नियमावर उभा नाही, डोळे मिटणाऱ्यांच्या मर्जीवर उभा आहे. गावात कोणाशी भांडण झालं, निवडणुकीत कोणाच्या मागे उभी राहिली नाही, की कोणीतरी अर्ज टाकतं: ही कामाला जाते, हिचं बंद करा. जी बाई चार घरी राबून पोरं शिकवते तिला दरवर्षी एका कागदावर खोटं बोलावं लागतं, आणि ती पकडली जाण्याच्या भीतीत जगते. माझी खरी तक्रार ही आहे. १,५०० रुपये कमी की जास्त, हा वाद त्यानंतरचा.

'मर्यादा वाढवली तर सरकारची तिजोरी बुडेल' असं कोणी म्हणालं तर त्यांना बाकीच्या मर्यादा दाखवा. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये एकट्या आईच्या मुलाला महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात. तिथे उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार, इतरत्र ९६ हजार. २०२४ मध्ये आलेल्या लाडकी बहीण योजनेत १,५०० रुपयांसाठी मर्यादा अडीच लाख. म्हणजे त्याच १,५०० साठी एका योजनेत अडीच लाख चालतात आणि दुसरीत २१ हजारांच्या वर चालत नाहीत. मग एकट्या बाईने निराधार सोडून लाडकी बहीण घ्यावी का? काहींनी घेतलीही असेल. पण ती योजना वयाच्या ६५ पर्यंतच, आणि एका निवडणुकीच्या वर्षात शासन निर्णयाने आलेली. निराधारच्या मागे ४० वर्षांहून जास्तीची परंपरा आहे. मुद्दा असा की २१ हजार ही काही दगडावरची रेघ नाही. सरकारने मनात आणलं तर रेघ कुठेही ओढता येते, हे त्यानेच दाखवलंय.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९३५ पासून एकट्या आयांच्या मुलांसाठी मदत होती, आणि आईने जेवढं कमवावं तेवढं मदतीतून वजा व्हायचं. साहजिकच कामाला जाऊन हातात काही उरायचं नाही. १९६७ मध्ये तिथल्या संसदेने नियम बदलला: महिन्याचे पहिले ३० डॉलर आणि उरलेल्या कमाईचा एक तृतीयांश भाग मोजायचाच नाही. १९८१ मध्ये रीगन सरकारने ती सवलत चार महिन्यांपुरती करून टाकली. म्हणजे तिकडेही हे पाऊल पुढे-मागे होत राहिलं. ब्रिटनमध्ये आज पालकाच्या कमाईची काही रक्कम पूर्ण सोडून देतात, आणि त्यावरच्या प्रत्येक पौंडामागे मदत ५५ पेन्सने कमी करतात. ती व्यवस्था आदर्श आहे असं मी म्हणत नाही, तिथेही बायका वैतागलेल्या आहेत. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथे कडा नाही, उतार आहे.

कडा आणि उतार म्हणजे काय, ते आपल्या रुपयांत बघा. आज महिन्याला १,७५० कमावणाऱ्या बाईला १,५०० मिळाले तर घरात ३,२५० येतात. तिला अजून एक घर मिळालं आणि कमाई ३,७५० झाली, तर नियमाने मदत पूर्ण बंद, घरात ३,७५०. दोन हजारांचं जास्तीचं काम केलं आणि हातात आले जास्तीचे ५००. त्याऐवजी मर्यादेच्या वरच्या कमाईतला निम्माच भाग मदतीतून कापला असता तर? दोन हजारांतले एक हजार कापले, मदत ५०० उरली, घरात ४,२५०. बाईला काम वाढवावंसं वाटतं, सरकारचाही खर्च कमी होतो, आणि खोटा दाखला लागत नाही.

म्हणून मागण्या तीनच आहेत, आणि तिन्ही शासन निर्णयाने होण्यासारख्या आहेत. एक, एकट्या आईसाठी निराधारची उत्पन्न मर्यादा निदान मिशन वात्सल्यएवढी, म्हणजे ७२ हजार करा, आणि ती दरवर्षी रोजगार हमीच्या दराबरोबर आपोआप वाढू द्या, म्हणजे पुढच्या ४६ वर्षांचा प्रश्नच नको. दोन, मर्यादेच्या वर गेल्यावर मदत एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा. तीन, नवरा गेल्यावरचं पहिलं वर्ष मृत्यूच्या दाखल्यावरच मदत सुरू करा. उत्पन्नाची तपासणी नंतर होऊ दे. टाकलेल्या बाईकडे तर मृत्यूचा दाखलाही नसतो. तिच्यासाठी ग्रामसभेचा ठराव धरा.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय कोणीतरी काढायला हवा. ठराव चार ओळींचा होतो: एकल पालकांसाठी निराधार योजनेची उत्पन्न मर्यादा वाढवावी, अशी ही ग्रामसभा शासनाला शिफारस करते. विसापूरच्या एका माणसाची कल्पना इथूनच राज्यभर गेली आणि पुढे देशभर. तेव्हा आपल्या चार ओळींचं काय होणार, असं म्हणून गप्प बसायचं कारण नाही.

आणि तोपर्यंत एक करा. तुमच्या गल्लीतली एखादी बाई निराधारचे पैसे घेऊन कामालाही जाते, असं कोणी कुजबुजलं तर त्याला एवढंच विचारा: महिन्याला १,७५० रुपयांत तुझं घर किती दिवस चालतं?